‘ढ’ कोण?

मराठी शाळेंत शिकलेल्या माणसास ‘ढ’ या अक्षराचा अर्थ सांगावा लागत नाहीं. ज्याला पाठ येत नाहीं, ज्याची वही लाल शाईनें भरून परत येते, ज्याचें बांक शेवटचें असतें, तो ‘ढ’. या कामीं हेंच अक्षर कां योजिलें गेलें, याचें एक मौजेचें कारण सांगतात. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येतां येतां बहुतेक अक्षरांनीं आपलें रूप पार बदलून टाकिलें. ‘ढ’ मात्र जवळजवळ होतें तसेंच राहिलें. सव्वादोन हजार वर्षें ज्याच्यांत सुधारणा नाहीं, त्याचें नांव न सुधारणाऱ्या विद्यार्थ्यास मिळालें. हें कारण खरें असो वा मागाहून जुळविलेलें असो, त्यांतील कसोटी आम्हांस मान्य आहे: जें बदलत नाहीं तें ढ. मात्र ती विद्यार्थ्यास लावण्यापूर्वीं एकदां आपल्या शिकविण्याच्या रीतीस लावून पाहावी, असें आमचें म्हणणें आहे.

आपल्या बहुतेक वर्गांतील ही रीति एकच आहे. शिक्षक बोलतात, फळ्यावर लिहितात, मुलें उतरून घेतात, आणि परीक्षेंत तेंच पुन्हां लिहून दाखवितात. ही रीति वाईट नाहीं. परंतु ती एका विशिष्ट प्रकारच्या मुलाच्या मापानें बेतलेली आहे. त्या मुलास स्पष्ट ऐकूं येतें, फळा नीट दिसतो, अक्षरें पाहतांच ओळखूं येतात, पुस्तकाची भाषा त्याच्या घरीं बोलली जाते, आणि एका जागीं तें पाऊण तास स्वस्थ बसूं शकतें. या पांचांपैकीं एखादी गोष्ट ज्याच्यापाशीं उणी, तो मागें पडतो; आणि कारण कोणतेंही असलें तरी दोष मात्र त्याच्याच पदरीं येतो. ज्या मुलीस एका कानानें कमी ऐकूं येतें, तिचें ‘लक्ष नसतें’. ज्यास लाल आणि हिरवा हे रंग निरनिराळे दिसत नाहींत, तो भूगोलाच्या नकाशापुढें गोंधळतो; त्याचा ‘अभ्यास नसतो’. ज्याचें चित्त क्षणोक्षणीं उडतें तो ‘खोडकर’. मेळघाटांतील कोरकू किंवा गडचिरोलीकडील गोंडी बोलणारें मूल पहिलीच्या वर्गांत मराठी ऐकून गप्प बसतें, तें ‘मुखदुर्बळ’. ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांबरोबर दिवाळीच्या सुमारास गांव सोडून उन्हाळ्याच्या तोंडीं परत येणारें मूल ‘अनियमित’. शिंप्यानें गांवांतील सर्व मुलांस एकाच मापाचे सदरे शिवले, आणि ज्यास तो बसला नाहीं त्याच्या अंगासच नांवें ठेविलीं, तर त्या शिंप्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं.

या संबंधांत 1896 सालची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गांवीं प्रिंगल मॉर्गन नांवाचे डॉक्टर होते. त्यांनीं त्या वर्षीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें 14 वर्षांच्या एका मुलाविषयीं लेख लिहिला. मुलगा हुशार, चपळ, खेळांत सोबत्यांच्या बरोबरीचा. सातव्या वर्षापासून त्याला शिकविण्याची शिकस्त चालली होती. तरी साधा छोटा शब्द वाचतांना तो अडखळे, आणि स्वतःचें नांव लिहितांनाही अक्षरें मागेंपुढें करी. आंकडे मात्र त्यास सहज वाचतां येत. त्याच्या शिक्षकांचें मत असें पडलें कीं, सगळें शिक्षण जर तोंडीं असतें तर हाच मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता. मुलगा तोच, डोकें तेंच. केवळ रीति बदलती तर शेवटला तो पहिला होता! या अवस्थेस आज आपण डिस्लेक्सिया म्हणतों. बुद्धि कमी असल्यामुळें ती येत नाहीं. डोळ्यांस दिसलेलें अक्षर आणि कानांस ठाऊक असलेला ध्वनि यांची सांगड मेंदूंत लौकर बसत नाहीं, इतकेंच. 2007 सालच्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटानें तिची ओळख घरोघर करून दिली. परंतु चित्रपट पाहून डोळे पुसणें निराळें, आणि दुसरे दिवशीं फळ्यापुढें उभें राहून आपली रीति बदलणें निराळें.

आपली लिपि उच्चारास धरून चालते याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु अशा मुलाच्या डोळ्यांनीं तिच्याकडे एकदां पाहावें. ‘कि’ या अक्षरांत इकार ऐकूं येतो मागाहून, पण लिहावा लागतो आधीं. ‘र’ हा एकच वर्ण. परंतु ‘चक्र’ या शब्दांत तो तिरपी रेघ होतो, ‘राष्ट्र’ या शब्दांत पायाखालीं जातो, ‘सूर्य’ या शब्दांत डोक्यावर चढतो, आणि ‘पुऱ्या’ या शब्दांत आणखी निराळेंच रूप घेतो. घ आणि ध, भ आणि म यांत फरक किती, तर जेमतेम एका गांठीचा किंवा वळणाचा. ज्यास हें सहज साधलें त्याला यांत कांहीं अवघड होतें याची आठवणही राहत नाहीं. आणि शिक्षक तर बहुधा अशांतूनच निवडले जातात, ही या व्यवसायाची एक मोठी अडचण आहे.

आंकड्यांचीही तीच कथा. ‘एकवीस’ म्हणतांना एक आधीं येतो व वीस मागून. लिहितांना मात्र उलट. ‘एकोणतीस’ म्हणतांना तोंडीं तीस येतात, आणि पाटीवर दोनावर नऊ मांडावे लागतात. 2019 सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीति दिली गेली, तेव्हां महाराष्ट्रभर तिची थट्टा झाली. ही रीति पसंत असावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु थट्टा करणारांस एक विचारावेंसें वाटतें. आपल्या आजोबांच्या शाळेंत ‘एकावर एक अकरा, दोनावर एक एकवीस’ असा घोष चाले, तो कशासाठीं? बोललेली संख्या आणि लिहिलेली संख्या यांत पडलेली खांच भरून काढण्यासाठींच ना? जुन्या पंतोजींस जी अडचण दिसली होती, ती नव्यांस दिसली म्हणून हंसण्याचें कारण काय?

शिकण्यांत अडचण असलेल्या मुलांसाठीं आपल्या देशांत कांहींच झालें नाहीं, असें नव्हे. 1887 सालीं मिस अॅनी शार्प यांनीं अमृतसर येथें अंधांसाठीं शाळा काढिली. 1900 सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं मुंबईंत तशीच शाळा सुरू केली. ज्यांना शिकवितां येतें हेंच कोणास खरें वाटत नव्हतें, तीं मुलें डोळ्यांचें काम बोटांस देतांच वाचूं लागलीं. पुढें विचार आणखी एक पाऊल सरकला. 1994 सालीं स्पेनमधील सालामांका येथें 92 देशांच्या सरकारांचे प्रतिनिधि जमले, आणि साधारण शाळांनींच सर्व प्रकारच्या मुलांस सामावून घ्यावें, असा जाहीरनामा त्यांनीं काढिला. आपल्याकडे 1995 च्या कायद्यानें अपंगत्वाचे 7 प्रकार मानले होते. 2016 च्या कायद्यानें ते 21 केले, आणि वाचन, लेखन, गणित यांतील विशिष्ट अक्षमतेचा त्यांत समावेश झाला. महाराष्ट्रांत तर अशा विद्यार्थ्यांस 1996 पासूनच परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळूं लागल्या होत्या. म्हणजे दरवाजा उघडला गेला आहे. परंतु दरवाजा उघडणें म्हणजे वर्गांत घेणें नव्हे. हजेरीपटांत नांव आहे, बांकावर जागा आहे, वर्षाअखेर वरच्या इयत्तेंत ढकलणेंही आहे. आणि या सर्वांच्या मध्यें पाठ मात्र पूर्वींचाच, तसाच, त्याच मुलाच्या मापाचा! असें मूल वर्गांत असूनही वर्गाबाहेर असतें.

दरवाजा उघडून न थांबतां शाळाच हलविण्याचें एक थोर उदाहरण महाराष्ट्रांत होऊन गेलें आहे. ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. तेथील आदिवासी मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं मुलांस आळशी ठरविलें नाहीं. मुलें घराच्या अंगणांत खेळतात, तर अंगणवाडी. गुरें राखतात, तर कुरणशाळा. चिकणमाती, पानें, बिया, खडे हेंच साहित्य. शाळा मुलाकडे चालत गेली, कारण मूल शाळेकडे कां येत नाहीं हें तेथें आधीं विचारलें गेलें. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. त्या शब्दामागील प्रश्न मात्र आमच्या चार भिंतींच्या वर्गांत क्वचितच शिरतो.

तो शिरला तर काय करावें लागेल? फार मोठें कांहीं नाहीं. फळ्यावर लिहितांना पाठ फिरवून बोलूं नये. ज्यास कमी ऐकूं येतें तो ओंठ पाहून अर्थ लावीत असतो. फळ्यावर जें लिहिलें तें मोठ्यानें वाचावें. ज्यास दिसत नाहीं त्यास तें कळेल. चार सूचना एकदम न देतां एकेक द्यावी. नकाशांत रंगाबरोबर रेघा किंवा खुणाही असाव्या. जो वाचतांना अडखळतो त्यास अवचित उभा करून सर्वांदेखत वाचावयास लावूं नये. उतारा आदले दिवशीं सांगून ठेवावा. ज्यास लिहितां येत नाहीं पण येतें सर्व, त्याचें उत्तर तोंडीं ऐकून घ्यावें. ज्याला बसवत नाहीं त्यास वह्या वांटण्याचें, फळा पुसण्याचें काम द्यावें. यांतील बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाहीं. आणि गंमत अशी कीं, जी सोय एकासाठीं केली ती साऱ्या वर्गाच्या उपयोगीं पडते. उतरंड केली चाकाच्या खुर्चीसाठीं, तरी गुडघे दुखणारे हेडमास्तरही तिच्यावरूनच चढतात.

यावर आक्षेप येतील, व ते पोकळ नाहींत. पहिला असा कीं, साठ मुलांच्या वर्गांत एकेकाकडे पाहावें कसें? शिक्षकांचें हें गाऱ्हाणें खरें आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यांत पहिली ते पांचवीस 30 व सहावी ते आठवीस 35 मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण दिलें आहे. तें पाळलें जावें अशी मागणी पालकांनीं, संस्थाचालकांनीं आणि शिक्षकांनीं मिळून केली पाहिजे. सारा भार एकट्या शिक्षकावर टाकून त्याच्या प्रेमळपणाची स्तुति करीत बसणें हा अन्यायच होय. दुसरा आक्षेप असा कीं, सवलती देणें हा इतरांवर पक्षपात. परंतु चष्मा लावून पेपर लिहिणारावर कोणी पक्षपाताचा आरोप करीत नाहीं. चष्म्यानें उत्तर सुचत नाहीं. प्रश्न दिसतो, एवढेंच. तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. कांहीं मुलांस विशेष शाळाच हितावह नाहीं काय? कांहीं मुलांस आहे. ज्या बहिऱ्या मुलाच्या वर्गांत खुणांची भाषा जाणणारें कोणीच नाहीं, तें चाळीस मुलांत बसूनही एकटेंच असतें; ब्रेल शिकविणारें कोणी नसतां अंध मुलास नुसतें बांकावर बसविणें ही दया नसून फसवणूक आहे. म्हणून विशेष शाळा मोडाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचें ज्ञान आणि त्यांचे शिक्षक साधारण शाळांच्या मदतीस यावे, असें म्हणतों. निवड करावयाची ती मुलाचें हित पाहून; शाळेचा निकाल पाहून नव्हे. निकाल शेंकडा शंभर लागावा म्हणून दुबळ्या विद्यार्थ्यास नववींतच दाखला हातीं देऊन वाटेस लावणारी शाळा शंभरांची गोळाबेरीज करते. ती गेलेल्यांची गणति करीत नाहीं.

हा अंक विद्यार्थ्यांच्याही हातीं पडणार आहे, म्हणून दोन शब्द त्यांस. शिक्षकाच्या छडीचा काळ गेला. कायद्यानेंही तिला मनाई आहे. परंतु वाचतांना अडखळणाऱ्या सोबत्यास वर्ग जेव्हां हंसतो, तेव्हां तें हंसें छडीहून अधिक लागतें, आणि त्यास कोणताही कायदा आडवा येत नाहीं. त्या वेळीं न हंसणें, त्याच्या शेजारीं बसणें, त्याची राहिलेली वही आपण होऊन पुढें करणें, हें काम शिक्षकास करितां येणार नाहीं. तें तुमचेंच आहे.

आणि शिक्षकबंधुभगिनींस आमची एकच विनंति. सहामाहीच्या निकालपत्रांत अगदीं खालीं असलेलें एक नांव प्रत्येकानें निवडावें. त्या मुलास ऐकूं कसें येतें, दिसतें कसें, घरीं कोणती भाषा बोलतात, तोंडीं विचारलें तर काय सांगतें, कोणत्या ओळीवर अडतें, याची वार्षिक परीक्षेपूर्वीं नीट चौकशी करावी; आणि जें आढळेल त्याप्रमाणें आपल्या पाठांत एक तरी बदल करावा. एवढें करूनही तें मूल मागेंच राहिलें, तर तज्ज्ञांकडे पाठवावें. परंतु एवढें केल्यावांचून त्याच्या नांवापुढें तें जुनें अक्षर कोणीही लिहूं नये.