तेल गेलं, निदान तूप तरी सांभाळा

क्युरासाओ बेटावर समुद्रात उतरायला कुणाची परवानगी लागत नाही आणि बऱ्याच ठिकाणी खिशात हातही घालावा लागत नाही. राजधानी विलेमस्टाटहून गाडी काढायची, एखाद्या छोट्या खाडीशी थांबायचं, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावायची आणि छातीएवढ्या पाण्यात डोकं बुडवायचं. चार हात मारले की खाली प्रवाळ दिसू लागतात. हे बेट नेदरलँड्सच्या राजघराण्याच्या छत्राखालचा स्वायत्त देश आहे. त्यामुळे ॲमस्टरडॅमहून थेट विमानं आहेत आणि तिकडे नोकरीला असलेली आपली मराठी मुलं युरोपातल्या थंडीला कंटाळून इथे येतात. माझा मुलगा आणि सून आइंडहोवनला असतात, म्हणून कुडाळच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली माझ्यासारखी बाई इथवर पोहोचली. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकल्याचा असा उपयोग होईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

मजा पुष्कळ आली. तरीही माझं मत असं झालं आहे की हा फुकटेपणा बंद व्हावा. या पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून पैसे घ्यावेत आणि ते समुद्रावरच खर्च व्हावेत.

आधी हे पाणी इतकं नितळ का, ते पाहू. कॅरिबियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नारळी-पोफळी येतात. क्युरासाओ तसं नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे 65 किलोमीटरवरचं, 12 अंश उत्तर अक्षांशावरचं हे कोरडं, निवडुंगांचं बेट. वर्षाचा पाऊस जेमतेम 600 मिलिमीटर. कोकणात एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. मोठी नदी एकही नाही, त्यामुळे समुद्रात गाळ येत नाही. व्यापारी वारे बारा महिने पूर्वेकडून वाहतात. उत्तरेकडच्या शेते बोका उद्यानात लाटा खडकांवर अशा आदळतात की जवळ उभं राहिलं तर अंगावर खारा पाऊस पडतो. नैर्ऋत्येचा किनारा मात्र वाऱ्याच्या आडोशाला, शांत. चक्रीवादळांची नेहमीची वाट बरीच उत्तरेकडून जाते. गाळ नाही, लाटांचा मारा नाही, ऊन भरपूर. प्रवाळांनी किनाऱ्याला बिलगून भिंत उभारली ती या कारणांनी.

म्हणूनच इथे उत्तम जागा पाहायला बोट लागत नाही. शहराच्या पूर्वेला काराकासबाय आहे. 1703 मध्ये बांधलेल्या बेकेनबर्ग किल्ल्याजवळ एक छोटी टगबोट सुमारे पाच मीटर खोलीवर बसली आहे. वर तरंगत पाहिलं की तिचा आकार पूर्ण कळतो. लोखंडावर प्रवाळ चढले आहेत आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे तिथे घरच्यासारखे वावरतात. पश्चिमेला गेलात तर प्लाया लागून लागतं. दोन कड्यांमधली अरुंद खाडी, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. कड्याच्या कडेकडेने पोहत गेलं की पॅरटफिश दिसतात. त्यांचं प्रवाळाचा खडक कुरतडणं पाण्याखाली चक्क ऐकू येतं. खडकाचा तो चुरा त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूतला मोठा वाटा त्यांचाच.

पुढे केनेपा ग्रांदी. निळ्या पाण्याचे फोटो काढायला सगळे तिथे थांबतात. त्याच केनेपाच्या मळ्यावर 17 ऑगस्ट 1795 रोजी तुला नावाच्या गुलामाने उठाव केला, हे फोटो काढणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. दीड महिन्यात त्याला पकडून हालहाल करून मारलं. आज तो देशाचा राष्ट्रीय वीर आहे आणि मळ्याच्या वाड्यात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. पोहण्याआधी ते पाहावं. बेटाने कष्ट कुणाचे खाल्ले, हे कळल्यावर किनारा नुसता फोटोपुरता उरत नाही.

आता प्लाया पिस्काडो. पश्चिम टोकाला कोळ्यांचा धक्का आहे. ते मासे साफ करून आतडी-डोकी पाण्यात टाकतात आणि त्या वासावर हिरवी समुद्री कासवं येतात. कोळ्यांचा यात काहीच दोष नाही. त्यांचा तो रोजचा धंदा आहे. पण कासवं हमखास दिसतात म्हटल्यावर गाड्यांची रांग लागते. मी गेले तेव्हा एका कासवाभोवती माणसांनी कडं केलं होतं आणि ते श्वास घ्यायला वर आलं की प्रत्येकाचा कॅमेरा त्याच्या तोंडाशी. हिरवं कासव मोठेपणी मुख्यतः समुद्रातलं गवत खातं. त्याला माशांच्या तुकड्यांची आणि माणसांच्या हातांची सवय लावणं म्हणजे त्याचा स्वभाव बिघडवणं. तिथे ना पहारेकरी होता, ना कासवापासून किती लांब राहायचं हे सांगणारं कुणी.

दिवसाच्या सहलींमध्ये सगळ्यात जास्त खपते ती क्लाइन क्युरासाओची. आग्नेयेला बोटीने दीड-दोन तासांवरचं सपाट, निर्जन बेट. एक पडकं दीपगृह, वाऱ्याच्या बाजूला गंजत पडलेलं तेलवाहू जहाज आणि विलक्षण पाणी. एकोणिसाव्या शतकात फॉस्फेटसाठी हे बेट खणून नेलं आणि त्याची वरची मातीच गेली. आता तिथे माणसं येतात. आमच्या बोटीवर जेवण, गाणी, पेयं यांची चोख व्यवस्था होती. प्रवाळांबद्दल सूचना मात्र एका वाक्याचीही नव्हती. पाण्यात एक गृहस्थ काच पुसायला म्हणून पायातल्या फिन्ससकट गोल प्रवाळावर उभे राहिले. असा प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो. त्यांच्या पायाखाली कदाचित शंभरेक वर्षं होती. वाटाड्याने पाहिलं आणि तो काहीच बोलला नाही. तिकिटाचे पैसे देणाऱ्याला ओरडणार कोण?

कुणी म्हणेल, चार पायांनी असं किती बिघडणार? निरोगी समुद्रात फार बिघडलं नसतं. पण हा समुद्र आजारातून उठलेलाच नाही. 1983-84 मध्ये एका रोगाने कॅरिबियनमधले लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन नव्वद टक्क्यांहून जास्त मारले. ते शेवाळ खाऊन खडक साफ ठेवत. ते गेल्यावर शेवाळाने प्रवाळांची जागा बळकावली. 2014 मध्ये फ्लोरिडात दिसलेला, प्रवाळाचं जिवंत आवरणच सोलून काढणारा रोग 2023 मध्ये क्युरासाओला पोहोचला. त्याच वर्षी पाणी इतकं तापलं की प्रवाळ पांढरे पडले. हे काही पर्यटकांनी केलेलं नाही. पण अशक्त रोग्याच्या खोलीत गर्दी करू नये, एवढं तर आपल्याला कळतं.

पैशाची गंमत पाहा. पाहुणा इथे पैसे देतोच. पोर्तो मारी, कास अबाऊ अशा खासगी किनाऱ्यांवर प्रवेशाचे पैसे आहेत. खुर्ची, सावली, न्हाणीघर मिळतं. पोर्तो मारीवाल्यांनी प्रवाळ वाढावेत म्हणून काँक्रीटचे पोकळ गोळेही समुद्रात सोडले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण एरवी सगळा हिशेब वाळूवर संपतो. खुर्चीचं भाडं ठरलेलं आहे आणि जिच्यासाठी आपण दहा तास विमानात बसून आलो, त्या प्रवाळभित्तीची किंमत शून्य.

शेजारच्या बोनेअरने हा प्रश्न केव्हाच सोडवला. विलेमस्टाटहून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचता येतं, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. 1979 मध्ये त्यांनी बेटाभोवतीचा समुद्र राखीव केला. प्रवाळांवर नांगर टाकायला बंदी. बोटींनी बांधून ठेवलेल्या बोयांनाच दोर लावायचा. 1992 पासून पाणबुड्यांकडून वर्षाला 10 डॉलर घ्यायला सुरुवात झाली. आज नळी लावून वरवर पोहणाऱ्या पाहुण्यालाही 40 डॉलर भरावे लागतात. ते स्तिनापा या संस्थेकडे जातात; तीच समुद्राची आणि जमिनीवरच्या उद्यानाची राखण करते. पावती हातात आली की माणूस थोडा शहाण्यासारखा वागतो, हेही मी तिथे पाहिलं. आजार बोनेअरलाही झाले, प्रवाळ तिथलेही पांढरे पडले. पण तिथे रोग्याच्या उशाशी कुणीतरी बसलेलं आहे.

यावर आक्षेप दोन. पहिला, समुद्र सर्वांचा. मान्य, म्हणून बेटावरच्या रहिवाशांना एक पैसाही लावू नये. केनेपाच्या वाळूवर सर्वात आधी हक्क तुलाच्या वंशजांचा. माझ्यासारख्या पाहुण्याने मात्र ‘समुद्र सर्वांचा’ हे वाक्य तोंडी घेऊ नये. दुसरा आक्षेप, पर्यटक दुसरीकडे जातील. हजार युरोचं तिकीट काढणारा माणूस 40 डॉलरसाठी माघारी फिरत नाही. तीन दशकं पैसे घेऊनही बोनेअरच्या समुद्रात जायला पाणबुडे जगभरातून येतात.

पैसा सरकारी तिजोरीत गडप होईल ही भीती मात्र खरी आहे. तो तिजोरीत जाऊच नये. 1955 पासून विलेमस्टाटजवळ कारमाबी ही संशोधन संस्था काम करते, ख्रिस्टोफेल आणि शेते बोका ही उद्यानंही तीच सांभाळते. हाती घेणारे आहेत, पैसे देणारे हवेत.

क्युरासाओला उशीर परवडणारा नाही. शहराच्या मधोमध शेलने शंभर वर्षांपूर्वी उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना 2019 मध्ये थंडावला. दीड लाख वस्तीचं हे बेट आता पाहुण्यांवर जगतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, ही आपली म्हण इथे शब्दशः लागू व्हायला निम्मी वाट तर संपलीच आहे.

आणि मालवण? 1987 मध्ये तिथे 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून राहिला, कारण राखण त्यांच्याबरोबर करायची असते हे कुणी मनावर घेतलं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात नद्या गाळ ओततात. पाणी निवळतं ते हिवाळ्यापुरतं. म्हणजे आपले प्रवाळ अधिकच नाजूक. तरी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मासे जमावेत म्हणून लोकांना पावाचे तुकडे टाकताना मी पाहिलं आहे. माणशी वेगळं शुल्क घ्या, त्यातला वाटा बोटवाल्यांच्या आणि मच्छीमारांच्या सोसायटीला द्या, राखणीचं काम त्यांनाच पगारी द्या.

नियम होईपर्यंत जाणाऱ्याने एवढं करावं. लांब बाह्यांचा सदरा घालून उतरावं, म्हणजे उन्हासाठी अंगाला मलमं फासावी लागत नाहीत. काच पुसायची तर किनाऱ्यावर यावं. कासवापाशी जाऊ नये. बोट ठरवताना विचारावं, नांगर टाकता की बोयाला बांधता. उत्तर देता आलं नाही तर दुसरी बोट पाहावी. आणि कुठे समुद्राच्या राखणीसाठी पैसे मागितले, तर घासाघीस न करता द्यावेत.