हळदीचे दूध आणि लसीचे कार्ड



पावसाळा लागला की सांगोल्यातल्या आमच्या वस्तीत घरोघरी पोरे खोकू लागतात. अशाच एका सकाळी आम्ही कचेरीला निघालो होतो. शेजारच्या गल्लीतली एक भगिनी अडीच वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून दारात आली. म्हणाली, "भाऊ, चार दिवस झालं हळदीचं दूध देतीय. आज त्याचं पोट उडतंय." मुलाचा श्वास भरभर चालला होता. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. त्याच दिवशी त्याला मिरजेला हलवावे लागले. न्युमोनिया निघाला. आठ दिवसांनी मूल हसतखेळत परत आले. येण्याजाण्याला आणि औषधांना घेतलेली उचल मात्र त्याची आई डाळिंबाच्या बागेत राबून अजून फेडते आहे.

नंतर तिचे कागद लावून देताना लसीचे कार्ड हाती आले. आम्ही पडलो कारकून, कोरा रकाना दिसला की नजर तिथेच थांबते. दीड महिन्याच्या लसी दिलेल्या आणि पुढचे रकाने कोरे. त्या हंगामात कुटुंब ऊसतोडीला गेले होते. ती म्हणाली, "सुई चुकली खरी, पर हळद एक दिवस चुकवली न्हाई." तिच्या या वाक्यासाठीच आजचे हे लिखाण आहे.

तिला दोष देऊन चालणार नाही. २०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयानेच १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून दिवसातून एक-दोन वेळा घ्या, असा सल्ला दिला होता. साथ ओसरली, पण हळदीने मुलांची प्रतिकारशक्ती वाढते हा समज घट्ट बसला. आता कर्क्युमिनच्या महागड्या बाटल्या आणि गोळ्याही विकल्या जातात.

कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळेपण देणारे द्रव्य. ते १८१५ साली प्रथम वेगळे काढले गेले. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात ते सुजेवर आणि जंतूंवर परिणाम करते, हे खोटे नाही. पण पोटात गेल्यावर काय होते, याचा जरा हिशेब मांडू. हळदीच्या शंभर भागांत कर्क्युमिन साधारण तीन भाग. अर्धा चमचा हळद म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी निरोगी माणसांना एकदम २ ग्रॅम, म्हणजे याच्या चाळीसपटीहून जास्त, कर्क्युमिन दिले. तरी रक्तात ते जवळजवळ सापडलेच नाही. सोबत मिऱ्यातला पिपेरिन हा घटक दिल्यावर प्रमाण वीसपट वाढले. पण मूळ रक्कमच नगण्य असेल, तर तिची वीसपट करून किती येणार? २०१७ साली काही रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. काटेकोर पद्धतीने केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कुणी विचारील, मग डॉ. रघुनाथ माशेलकरांनी हळदीचे पेटंट कशासाठी लढवले? जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा उपयोग आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहे, एवढे त्या लढ्यात सिद्ध झाले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण हळद पाजल्याने मुलाला न्युमोनिया होत नाही, असे त्यात कुठेच म्हटलेले नव्हते.

म्हणून हळद फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. आमटीत, भाजीत ती हवीच. मोठ्या मुलाला हळदीचे दूध आवडत असेल तर खुशाल द्या. त्यातले दूध तरी अंगी लागेल. पण चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग उगाळून गुटी पाजण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्या सहाणेतून आणि पाण्यातून जंतू पोटात जातात आणि जुलाब लागतात. नाळेवरही हळद लावू नका, ती कोरडी राहू द्या.

दोन, वर्षाच्या आतल्या बाळाला हळद-मधाचे चाटण देऊ नका. मधातल्या एका जंतूचे विष एवढ्या लहान बाळाच्या जिवावर बेतू शकते.

तीन, कर्क्युमिनच्या गोळ्या मनाने देऊ नका. अशा गोळ्यांनी काही प्रौढांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

चार, फार भडक पिवळी सुटी पूड घेऊ नका. रंग उठावदार दिसावा म्हणून काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचे उघडकीला आले आहे. त्यातले शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. सांगली आपल्याला जवळ. तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चांगली हळकुंडे आणून उन्हाळ्यात तिखटाबरोबर डोळ्यांदेखत दळून घ्यावीत.

मग मुलांची प्रतिकारशक्ती येते कुठून? जन्मल्याबरोबर पाजलेल्या चिकाच्या दुधातून. सहा महिन्यांनंतरच्या वरणभातातून, अंड्यातून, पालेभाजीतून. साबणाने धुतलेल्या हातांतून, झाकलेल्या पाण्यातून आणि लसींतून. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत न्युमोनिया करणाऱ्या एका जंतूवरचाही उपाय असतो. न्युमोकोकल लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा दीड वर्षाच्या सुमारास. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने लेकरे दगावली, ती आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांची होती.

त्या मुलाला सगळ्या लसी मिळाल्या असत्या, तर आजार नक्कीच टळला असता असे कुणी सांगू शकत नाही. पण धोका कमी झाला असता. आणि पहिल्याच दिवशी श्वास मोजला असता तर वेळ वाचली असती. मूल शांत असताना घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर घरगुती उपाय बंद करून दवाखाना गाठा. छाती आत ओढली जात असेल, मूल दूध ओढत नसेल, तर मोजतही बसू नका.

चुकलेली लस पहिल्यापासून घ्यावी लागत नाही. वयानुसार राहिलेली पुढे देतात. कामाला परगावी जाताना कार्ड सोबत न्या, कुठल्याही गावच्या उपकेंद्रात ते चालते. त्या भगिनीबरोबर आम्ही आशाताईंकडे गेलो. वयात बसणाऱ्या लसींची पुढची तारीख त्यांनी कार्डावर लिहून दिली. आज संध्याकाळी आपल्या घरातलेही कार्ड काढून बघा. रकाना कोरा असेल, तर हळदीचा डबा खाली ठेवा आणि आधी तो भरून घ्या.