विंचू डसला तर हातपाय गार पडतात का ते बघा

शिवरे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या, भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या प्रत्येक घराला, त्यातही लहान मुलं असलेल्या घरांना, एक कळकळीची विनंती आहे. विंचू डसला की तो उतरवायला कुणाकडे न्यायचं, यात वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा. घाई कशासाठी, ते आधी समजून घ्या.

आपलं हृदय किती वेगानं धडधडावं, रक्ताचा दाब किती असावा, घाम कधी सुटावा, आतडी कशी हलावीत, हे आपण ठरवत नाही. ते काम स्वायत्त चेतासंस्था करते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, त्याच्याखाली मानेच्या बाजूला मेंदूचं देठ आहे. तिथून हुकूम सुटतात आणि दोन प्रकारच्या नसांतून शरीरभर पोचतात. एका प्रकारच्या नसा पाठीच्या कण्यातून, छाती आणि कमरेच्या वरच्या भागातून निघतात. त्या हृदय पळवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन सोडायला लावतात. दुसऱ्या प्रकारच्या नसा मेंदूच्या देठातून आणि कण्याच्या शेवटच्या टोकातून निघतात. त्यातली व्हेगस ही मोठी नस मानेतून उतरून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाते व हृदयाला सबुरीनं घ्यायला लावते. बैलगाडी हाकणारा जसा एका हातानं बैलांना पळवतो आणि दुसऱ्या हातानं कासरा ओढतो, तसा मेंदू या दोन्ही नसांचा तोल सांभाळतो.

आपल्या भागातल्या लाल विंचवाचं विष नेमका हाच तोल मोडतं. नसांवर सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. विषामुळे ती वेळेवर मिटत नाहीत आणि मेंदूनं हुकूम दिलेला नसतानाही नसा संदेश सोडत राहतात. आधी उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, अंग घामानं निथळतं. पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या लिंगाला ताठरपणा येतो. ही खूण लाजेपोटी लपवली जाते. ती लपवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मग अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जोडीची द्रव्यं रक्तात उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलवत नाही आणि फुप्फुसांत पाणी भरतं. दम लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. माणूस दगावतो तो यामुळे.

यावरचा इलाज आपल्या शेजारीच सापडला. वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचू डसलेली धडधाकट माणसं आणि मुलं डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली. रुग्णांच्या उशाशी बसून एकेका लक्षणाची नोंद केली आणि धोक्याच्या खुणा १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. रक्तदाबावर वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे विषानं जे बिघडवलं तेच सावरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यावरचा त्यांचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. आज वेळेत उपचार मिळाले तर असा मृत्यू क्वचितच होतो. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीनं दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही महाडच्याच अभ्यासातून २०११ साली जगापुढे आलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्रानं विंचू उतरतो, असं इतक्या लोकांना का वाटतं? कारण बहुतेक वेळा विष थोडंच अंगात जातं, खूप ठणकतं आणि काही तासांत किंवा दिवसभरात ते आपोआप शमतं. श्रेय मात्र मंत्राला जातं. ज्याच्या नसा खवळल्या आहेत, त्याचा मौल्यवान वेळ याच श्रद्धेत जातो. वेदना किती आहेत त्यावरून धोका मोजू नका. ठणका कमी आणि घाम फार, असा रुग्ण जास्त जपायचा असतो.

म्हणून एवढं करा. डसलेली जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. रुग्णाला धीर द्या, चालवू नका, आडवं ठेवा. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळचं आरोग्य केंद्र गाठा. घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी एकही खूण दिसली तर एक मिनिटही थांबू नका. लहान मुलाला डसला असेल तर खुणांची वाट न पाहता न्या आणि डॉक्टर सोडेपर्यंत तिथेच ठेवा. प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. त्याचं माप वजनावर ठरतं आणि गोळी घेतल्यावर उभं राहिलं तर रक्तदाब एकदम उतरतो.

गोवऱ्या, सरपण आणि पेंढा हातानं उचलण्याआधी काठीनं हलवा. चपला, बूट झटकून घाला. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या. मुलांना भिंतीला चिकटून जमिनीवर झोपवू नका.

आणि एक काम गावानं मिळून करायचं आहे. येत्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का, विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का? नसतील तर तसा ठराव करून वरपर्यंत पाठवा. गोळी स्वस्त आहे, इलाज ठाऊक आहे. यापुढे आपल्या खोऱ्यातलं एकही मूल केवळ उशीर झाला म्हणून जाता कामा नये.