घायपाताच्या वस्त्रावरील माता

यवतमाळकडे शेताच्या बांधांवर दिसणारे घायपात मूळचे मेक्सिकोचे. स्पेनने तो देश जिंकल्यावर अवघ्या दहा वर्षांनी, १५३१ साली, हुआन दिएगो या आदिवासी भाविकाच्या घायपाती वाखाच्या वस्त्रावर मेरीमातेची प्रतिमा उमटली, अशी तेथील श्रद्धा आहे. चेहरा सावळा, म्हणूनच पराभूतांना ती आपली वाटली. आजही १२ डिसेंबर या सणाच्या सुमारास अमेरिकेतील मेक्सिकन वस्त्यांत या ग्वादालूपे मातेची चित्रप्रदर्शने भरतात आणि चित्रकार तिला आपापल्या परीने रंगवतात.

आपल्याकडे हेच करणारे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) मात्र एकाकी पडले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेल्या या गोमंतकीय चित्रकाराने मेरीला साडी नेसवली, आणि गोव्यातील अनेक धर्मनिष्ठांना ते रुचले नाही. ते पुण्यास, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आले व मेरीला भारतीय रूपातच रंगवत राहिले. परदेशी वेशातील माता पूज्य आणि घरच्या स्त्रीसारखी दिसणारी तेवढी अपूज्य, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणारा नाही. पत्नीने जपलेली त्यांची चित्रे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत; म्हणजे गोव्यातच.