दुःखाला मार्क किती?

पिपरी मेघेतली एक पोर विद्यापीठाचा अर्ज घेऊन आली. प्रश्न होता: 'संकटांतून काय शिकलात?'

"ताई, बाबाच्या दारूचं लिहू का? सर म्हणते, त्यानंच नंबर लागते."

संतापच आला. (एमएसडब्ल्यूच्या वेळी मीही असलंच लिहिलं होतं, कबूल करते.) आईनं खाल्लेला मार हा काय लेकीचा गुण झाला?

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजकडे अर्ज केला. आप्तांचा नि जातीचा विरोध झुगारून आल्याचा निर्धार त्यांनी त्यात सांगितला, आणि हेतू: पुरुष डॉक्टरापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींना उपचार मिळावेत. दयेची याचना नाही.

मैत्रिणींनो, पोरींना जखमा उघड्या करायला लावून मार्क कोण देतं, विचारा तरी!

ही पोर दोन वर्षं आईच्या बचत गटाचा हिशेब लिहिते. आम्ही तेच लिहिलं.