मामदानी, मेहेरअली आणि आपला वॉर्ड

४ नोव्हेंबर २०२५ रोजी झोहरान मामदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक जिंकले आणि आपल्याकडच्या मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागले. पहिला अभिनंदनाचा : ‘माशाअल्लाह, अमेरिकेत आपला माणूस जिंकला.’ दुसरा भीतीचा : ‘बघा, न्यूयॉर्कही गेले, आता मुंबई सांभाळा.’ मुंबई भाजपचे अध्यक्ष अमित साटम यांनी तर निकालानंतर लगेच जाहीर केले की, मुंबईवर कोणी ‘खान’ लादण्याचा प्रयत्न केला तर तो सहन केला जाणार नाही. मतदान झाले साडेबारा हजार किलोमीटरवर, आणि त्यावरून इशारा मिळाला तो मुंबईच्या मुसलमानाला.

हे दोन्ही संदेश एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. दोघांनीही उमेदवाराचे फक्त नाव वाचले. जाहीरनामा कोणीच वाचला नाही.

म्हणून आधी जाहीरनामाच वाचू. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख घरांचे भाडे सरकारी मंडळाच्या नियंत्रणाखाली असते. ते भाडे वाढू देणार नाही, हे मामदानींचे पहिले आश्वासन. शहरातल्या बस मोफत करू, हे दुसरे. दीड महिन्याच्या बाळापासून पाच वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांना मोफत पाळणाघर, हे तिसरे. पालिकेची स्वतःची किराणा दुकाने, हे चौथे. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्यांवर दोन टक्के वाढीव कर लावून पैसे उभे करायचे, असा त्यांचा हिशेब. हा कर लावणे राज्य विधिमंडळाच्या हातात आहे आणि बस चालवणारी संस्थाही राज्याची आहे, त्यामुळे महापौर एकटा हे सगळे करू शकत नाही. आश्वासने पूर्ण होतील की नाही, हे न्यूयॉर्ककर बघतील. पण या यादीत धर्म कुठे आहे?

धर्माचा एक शब्द मात्र त्यांच्या प्रचारात आला होता. तो शब्द होता ‘हलाल’. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर हलाल चिकन-भात विकणाऱ्या गाड्या असतात. आठ डॉलरची प्लेट दहा डॉलरला का झाली, हे विचारत मामदानी गाडीवाल्यांकडे गेले आणि त्याचा व्हिडिओ केला. उत्तर असे निघाले की, पालिकेचा परवाना काही शे डॉलरचा असतो, पण तो मिळतच नाही. मग गाडीवाल्याला परवानाधारक दलालाला वीस-बावीस हजार डॉलर मोजावे लागतात. ते पैसे शेवटी गिऱ्हाईकाच्या प्लेटमधून निघतात. परवाने वाढवा, दलाल हटवा, प्लेट पुन्हा आठ डॉलरला येईल, असे साधे गणित त्यांनी मांडले.

त्याच २०२५ सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातही ‘हलाल’ हा शब्द गाजला. मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार सर्टिफिकेशन’ सुरू केले. तिथे प्रश्न होता की मांस महाग का झाले. इथे प्रश्न झाला की मांस कापणारा कोण. शब्द एकच, पण एका शहरात त्यातून परवान्याचा कारभार उघडा पडला आणि दुसऱ्या राज्यात त्यातून गिऱ्हाईकांची वाटणी झाली. आपल्याकडेही पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, शहराशहरांत पथविक्रेता समिती असायला हवी, असे तो सांगतो. ती आपल्या गावात शेवटची कधी बसली, हे किती जणांना ठाऊक आहे?

अमेरिका काही संतांचा देश नाही. मामदानींच्या विरोधात तिथल्या अब्जाधीशांनी पैसा ओतला. एका रेडिओ कार्यक्रमात निवेदक म्हणाला की, ११ सप्टेंबरसारखा हल्ला पुन्हा झाला तर मामदानी टाळ्या वाजवतील. आणि कार्यक्रमातले पाहुणे, माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो, त्यावर हसले. एका खासदाराने त्यांचे नागरिकत्व काढून घेण्याची मागणी केली. ट्रम्प यांनी त्यांना कम्युनिस्ट ठरवले आणि शहराचा निधी रोखण्याची धमकी दिली. निवडून आल्यावर २१ नोव्हेंबरला त्याच ट्रम्प यांनी व्हाइट हाऊसमध्ये त्यांच्याशी हसून गप्पा मारल्या. राजकारणातला द्वेष किती वेळा खरा असतो आणि किती वेळा तो धंद्याचा माल असतो, हे त्या एका भेटीत कळले.

पण द्वेषाचा माल बाजारात सोडला की तो विकणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे जवळून पाहतो आहोत. अनेक वर्षे आपल्या आयटीतली बरीच मंडळी ट्रम्प यांच्या भाषणांवर खूश होती, कारण तो राग मुसलमानांवर आहे अशी त्यांची समजूत होती. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तोच राग एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या भारतीय इंजिनिअरांवर वळला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. या व्हिसांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीयांना मिळतात. त्या आदेशात अर्जदाराचा धर्म विचारण्याची सोयच नाही. २०१७ मध्ये कॅन्सास राज्यात हैदराबादच्या एका हिंदू इंजिनिअरवर ‘माझ्या देशातून निघून जा’ असे ओरडत गोळ्या झाडल्या गेल्या. मारणाऱ्याला तो इराणी वाटला होता. ‘परका’ ठरवण्याचा अधिकार एकदा गर्दीच्या हाती दिला, की गर्दी कागदपत्रे तपासत बसत नाही.

आता साटम यांच्या शब्दाकडे येऊ. शब्द होता ‘लादणे’. निवडून आलेला माणूस लादलेला कसा असतो? न्यूयॉर्कमध्ये वीस लाखांहून अधिक लोकांनी मत दिले, १९६९ नंतरचे ते सर्वाधिक मतदान. त्यातली दहा लाखांहून अधिक मते मामदानींना पडली. तिथल्या मुसलमानांनी सगळ्यांनी मिळून दिली असती तरी एवढी मते भरली नसती.

आपल्याच माणसांचे उदाहरण घ्या. श्री ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले आणि जानेवारी २०२३ पासून डेट्रॉइटचे खासदार आहेत. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर. ठाणेदार आले तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या शहराला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. तिथल्या अनेकांना त्याची खंत वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली, पण आपण मराठी लोकांनी काय केले? अभिमानाने बातम्या छापल्या. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावात आनंद साजरा झाला, आणि ते योग्यच होते. ठाणेदार डेट्रॉइटवर लादलेले नाहीत, वराडकर आयर्लंडवर लादलेले नव्हते. मग इथेच जन्मलेला, इथेच मराठी शाळेत शिकलेला, इथेच घरपट्टी भरणारा एखादा खान निवडून आला, तर तो मुंबईवर लादलेला कसा होतो?

शिवाय मुंबईने हा प्रश्न न्यूयॉर्कच्या कितीतरी आधी सोडवला होता. १९४२ मध्ये मुंबईचे महापौर झाले युसूफ मेहेरअली. तेही मुसलमान, तेही समाजवादी, काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा त्यांची. ‘क्विट इंडिया’ या शब्दांचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. महापौर निवडले गेले तेव्हा ते तुरुंगात होते. मुंबईकरांच्या नगरसेवकांनी इंग्रजांच्या कैद्याला शहराचा पहिला नागरिक केले. तेव्हा चाळिशीही न गाठलेल्या त्या माणसाचे नाव ऐकून शहर बुडाले नाही. उलट त्याच वर्षी त्याच शहरातून ‘चले जाव’ची हाक निघाली. झोहरान यांचे वडील, प्राध्यापक महमूद मामदानी, यांचा जन्म १९४६ चा, आणि तो मुंबईतला. न्यूयॉर्कने जे केले त्याची एक मुळी आपल्याच मातीत आहे. ती कोणी उपटू पाहत असेल, तर नुकसान फक्त मुसलमानांचे नाही, मुंबईचेही आहे.

इथपर्यंत अनेक वाचक मान डोलावतील. पुढचे मात्र आपल्या घरातले आहे.

मामदानींच्या विजयाला ‘इस्लामची फतेह’ म्हणणारे फॉरवर्ड आपल्याच ग्रुपांवर फिरले. या लोकांनी मामदानी कोण आहेत हे तरी पाहायचे होते. त्यांच्या आई, मीरा नायर, हिंदू कुटुंबातल्या. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर नागरिकांच्या हक्कांच्या बाजूने ते उघडपणे उभे राहतात. न्यूयॉर्कच्या ज्यू मतदारांकडे ते मते मागायला गेले आणि काहींनी ती दिलीही. उद्या असाच एक तरुण आपल्या मोहल्ल्यात उभा राहिला, आई हिंदू, विचार समाजवादी, मशिदीतही जाणारा आणि मंदिराच्या मांडवातही बसणारा, तर आपण त्याला मत देऊ का? की ‘हा आपला खरा माणूस नाही’ असे म्हणून पाडू? ज्याला आपण आपल्या वॉर्डात तिकीटही मिळू देणार नाही, त्याच्या न्यूयॉर्कमधल्या विजयावर आपला हक्क कसला?

डेट्रॉइटला लागूनच हॅमट्रॅम्क नावाचे सुमारे अठ्ठावीस हजार वस्तीचे छोटे शहर आहे. पूर्वी ते पोलिश ख्रिस्ती लोकांचे होते. २००४ मध्ये तिथे लाऊडस्पीकरवर अजान द्यावी की नाही यावर सार्वमत झाले आणि मतदारांनी परवानगी कायम ठेवली. तेव्हा मुसलमान तिथे अल्पसंख्य होते. शेजाऱ्यांनी साथ दिली म्हणून अजान टिकली. २०२१ च्या निवडणुकीत त्या शहराची सगळी परिषद मुस्लिम सदस्यांची झाली. २०२३ च्या जूनमध्ये त्या परिषदेने समलिंगी हक्कांचा झेंडा पालिकेच्या जागेवर लावायला बंदी केली. अजानसाठी उभे राहिलेल्या जुन्या शेजाऱ्यांपैकी कित्येकांना हा विश्वासघात वाटला. २०२४ मध्ये तिथल्या येमेनमध्ये जन्मलेल्या महापौरांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि ट्रम्प यांनी त्यांना कुवेतचे राजदूत म्हणून नामनिर्देशित केले. जून २०२५ मध्ये त्याच ट्रम्प यांनी बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. यादीत येमेन होता.

यातून मिळणारा धडा कडू आहे. अल्पसंख्य असताना संविधानाचा आधार मागायचा आणि एखाद्या वॉर्डात बहुसंख्य होताच दुसऱ्या अल्पसंख्यांना तो नाकारायचा, हे चालत नाही. मुल्लामौलवींच्या मर्जीचा उमेदवार आणि ‘खान नको’ म्हणणारा उमेदवार एकमेकांच्या जिवावरच जगतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो यंत्रणेचा आहे. मुंबईत ज्या पदासाठी एवढा गदारोळ झाला, त्या पदाला अधिकार किती? न्यूयॉर्कचा महापौर जनता थेट निवडते, चार वर्षांसाठी, आणि शहराचा अर्थसंकल्प तो चालवतो; २०२५-२६ मध्ये तो सुमारे ११६ अब्ज डॉलरचा होता. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा; पण कारभाराचे अधिकार १८८८ च्या कायद्याने आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत, जवळजवळ चार वर्षे, देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकच सगळे होते. तेव्हा मुंबईवर कोण ‘लादले’ गेले होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

गंमत अशी की या एका बाबतीत आमचे जत न्यूयॉर्कच्या जास्त जवळ आहे. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष आपण थेट मत देऊन निवडतो. म्हणजे त्याला थेट जाबही विचारता येतो. जतच्या लोकांना ओळखीचे राजकारण आणि पोटाचे राजकारण यांतला फरक नव्याने शिकवायची गरज नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तालुक्याच्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा मुंबई-बंगळुरूत मराठी-कन्नड अस्मितेची भाषणे झाली. पूर्व भागातल्या गावांचे म्हणणे मात्र पाण्याबद्दल होते. म्हैसाळचे पाणी आमच्या शिवारात कधी येणार? या प्रश्नाला भाषा नव्हती आणि धर्मही नव्हता. कन्नड बोलणारा लिंगायत, मराठी बोलणारा मराठा आणि दख्खनी बोलणारा मुसलमान एकाच टँकरची वाट पाहत होते.

न्यूयॉर्ककडून काही घ्यायचेच असेल तर ते हे घ्या. तिथल्या रहिवाशाने उमेदवाराला दहा डॉलर दिले, तर पालिका आपल्या तिजोरीतून ऐंशी डॉलर त्यात घालते, म्हणून लहान देणगीदाराच्या जोरावर उमेदवार उभा राहू शकतो. आपल्याकडे असा कायदा नाही. इथे पैसा उलट दिशेने चालतो, मतदानाच्या आदल्या रात्री, पाकिटातून. ते पाकीट नाकारणे हा पहिला बदल. दुसरा, वॉर्डातल्या पाच प्रश्नांची यादी लेखी करणे : पाणी, गटार, उर्दू आणि मराठी शाळेची खोली, कब्रस्तान आणि स्मशानभूमी दोन्हींची वाट, बाजारातले परवाने. तिसरा, ती यादी प्रत्येक पक्षाच्या नगरसेवकासमोर दर तीन महिन्यांनी ठेवणे, मग त्याचे आडनाव काहीही असो.

मामदानींनी १ जानेवारी २०२६ रोजी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. त्याचा आनंद जरूर माना. पण न्यूयॉर्ककर चार वर्षांनी कुराणाबद्दल नाही, भाड्याबद्दल विचारणार आहेत. आपणही आपल्या नगराध्यक्षाला तेवढेच विचारायला शिकलो, तर ‘खान’ हा शब्द दाखवून आपल्याला कोणी घाबरवू शकणार नाही, आणि तोच शब्द दाखवून कोणी आपली मतेही घेऊ शकणार नाही.