कोळशाचा भरवसा आणि आपल्या वाट्याचे ऊन

सौरऊर्जेचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणतो, "ऊन संध्याकाळी जाते, कोळसा कधीही पेटवता येतो." ऐकायला पटते. पण हे परळीत जाऊन सांगून बघा.

बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा कारण एकच होते: दुष्काळ आणि पाणी नाही. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि ती वाफ थंड करायलाही पाणीच लागते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घातली की, एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. ही मर्यादा पाळून २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तरी दोन कोटी दहा लाख लिटर पाणी लागते. जिथे उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरच्या रांगेत उभ्या असतात, तिथला हा हिशेब आहे. सौर पॅनेलला पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते.

मग रात्रीचे काय? हा प्रश्न खरा आहे, त्याची टिंगल करू नये. विजेची मागणी संध्याकाळी दिवे, पंखे, टीव्ही लागले की वाढते आणि नेमकी तेव्हाच सौर वीज संपते. म्हणून नुसते पॅनेल लावून कोळसा हटणार नाही. दुपारची वीज साठवावी लागेल.

साठवणूक महाराष्ट्राला नवी नाही. अकोले तालुक्यातील घाटघरला सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आहे आणि खाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे दुसरा. वीज स्वस्त असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. हा २५० मेगावॅटचा प्रकल्प मूळ आखला गेला तो रात्री शिल्लक राहणाऱ्या विजेसाठी. आता दुपारच्या उन्हाची वीज हेच काम करू शकते. पाणी चढवताना खर्च झालेल्या चार युनिटपैकी साधारण तीन परत मिळतात. घट आहे, पण दुपारी स्वस्त असलेली वीज संध्याकाळी मोलाची ठरते.

दुसरा मार्ग बॅटरीचा. २०२४ मध्ये केंद्राच्या निविदांमध्ये बॅटरी जोडलेल्या सौर विजेचा दर युनिटला साडेतीन रुपयांच्या आसपास आला. ही बॅटरी काही तासच पुरते, रात्रभर नाही. पावसाळ्यात ऊनही कमी होते. मात्र त्याच महिन्यांत साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात. ऊन, वारा, पाणी आणि बॅटरी यांची सांगड घातली, तर कोळशाची गरज वर्षागणिक कमी करता येते. उद्या सकाळी सगळी केंद्रे बंद करा, असे कुणी म्हणत नाही.

इथवर तज्ज्ञांची चर्चा होतच असते. आपण बोलायला हवे ते यापुढचे. या बदलात आपला वाटा काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. चांगली योजना आहे, पण तिच्यासाठी आधी स्वतःचे छत हवे. भिवंडीत भाड्याच्या खोलीत राहणारा, रात्रपाळीत लूम चालवणारा कामगार पॅनेल कुठे लावणार? मालेगावच्या गल्लीत एका पत्र्याखाली तीन भावांचे संसार असतात. कागद एकाच्याही नावावर धड नसतो. कोळशाचा धूर गरिबाच्या वाट्याला आला आणि सूर्याचे अनुदान मात्र बंगल्याच्या गच्चीवर थांबले, तर बदल झाला असे कसे म्हणायचे?

म्हणून तीन मागण्या ठामपणे मांडूया. पहिली, ज्यांना छत नाही त्यांना सामाईक सौर प्रकल्पात वाटा घेता यावा आणि त्याचे युनिट त्यांच्या बिलातून वजा व्हावेत. मोहल्ल्यातील शाळा, मशीद, शादीखाना यांची मोठी छते त्यासाठी वापरता येतील. दुसरी, साठवणुकीच्या बॅटऱ्या यंत्रमागाच्या गावांजवळच्या उपकेंद्रांवर आधी बसवाव्यात. वीज गेली की तिथे माग थांबतो आणि मजुरीही थांबते. तिसरी, परळी आणि चंद्रपूरसारख्या ठिकाणी एखादा संच बंद करायचा ठरला, तर त्याच आराखड्यात कंत्राटी कामगार, राख वाहणारे ट्रकचालक आणि त्या राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्यांवरचे मजूर यांच्या पुढच्या रोजगाराची तरतूद असावी. कायम कर्मचाऱ्याची बदली होईल. कंत्राटी माणसाची नोंद तरी कुठे असते?

या मागण्या करायच्या कुठे? वीजदर ठरवण्यापूर्वी महाराष्ट्र वीज नियामक आयोग लोकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. त्या कोणीही पाठवू शकतो. वकील लागत नाही, मराठीत लिहिलेले चालते. उद्योगांचे प्रतिनिधी तिथे दरवेळी हजर असतात. आपल्या मोहल्ल्यातून आजवर किती पत्रे गेली?

वाढीव बिलावर व्हॉट्सॲपवर संताप काढायला आपल्याला वेळ मिळतोच. पुढच्या सुनावणीची सूचना निघेल, तेव्हा त्यातला एक तास काढा. घरातली बिले घ्या, शेजारच्या लूमवाल्या चाचांना सोबत बसवा आणि आपली हरकत लिहून पाठवा.